‘ब्लाइंड’ म्हणजे नक्की कोण?

दिवाळीच्या रात्री ज्या घरांत तीन पत्तीचा डाव बसतो, तिथे इंग्रजीशी फारसा संबंध नसलेला माणूसही ‘ब्लाइंड’ हा शब्द अचूक वापरतो. पानं न उघडता लावलेला डाव म्हणजे ब्लाइंड. पानं पाहून खेळणारा तो ‘सीन’. नियम असा, की पाहिलेल्याने न पाहिलेल्याच्या निदान दुप्पट रक्कम लावायची. म्हणजे या खेळात न पाहणं हा दोष नाही. ती एक चाल आहे, आणि तिला सवलतही आहे. त्याच बैठकीत विषय राजकारणावर गेला की एखादा समोरच्याला ‘अंधभक्त’ म्हणून मोकळा होतो. इथे मात्र न पाहणं ही शिवी असते. आणि त्याच गावात, चार रस्ते सोडून, एखाद्या इमारतीवर ‘अंधशाळा’ अशी पाटी असते. तिथे हा शब्द ना चाल असतो ना शिवी. ती मुलांची साधी ओळख असते.

एका शब्दाने ही तिन्ही कामं कशी करावीत, आणि केली तर त्याची किंमत कोण मोजतं, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजीतल्या ‘ब्लाइंड’चे निदान पाच वेगळे अर्थ आहेत आणि दृष्टी नसलेल्या माणसाचा अर्थ त्यांपैकी फक्त एक आहे. मराठीने उरलेल्या अर्थांपैकी बहुतेकांसाठी दुसरे शब्द योजले किंवा इंग्रजी शब्दच ठेवून घेतला. आरोपाचा अर्थ मात्र आपण ‘अंध’ या शब्दाला घट्ट बांधला, आणि गेल्या काही वर्षांत ती गाठ आणखी आवळली आहे.

मी भाषाशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरीची बरीच वर्षं यंत्रांची ड्रॉइंग वाचण्यात गेली आणि शब्दकोश चाळायची सवय त्याच टेबलावर लागली. या शब्दाकडे माझं लक्ष गेलं तेही साहित्यामुळे नव्हे, तर ड्रॉइंगवरच्या ‘ब्लाइंड होल’ या दोन शब्दांमुळे.

मुळाशी काय आहे?

‘ब्लाइंड’ हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून अधिक काळ जवळपास याच रूपात आहे. जर्मन आणि डच भाषांतही तो तसाच लिहिला जातो. अनेक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध मिसळणं, गढूळ होणं, गोंधळणं या अर्थाच्या धातूशी जोडतात. मिसळण्यासाठीचा ‘ब्लेंड’ आणि घोडचूक या अर्थाचा ‘ब्लंडर’ हे त्याचे नातलग मानले जातात. ही व्युत्पत्ती धरली तर हा शब्द मुळात डोळ्याविषयी नाहीच, तो गोंधळाविषयी आहे. फ्रेंचांचा ‘अव्हग्ल’ मात्र सरळ डोळ्याकडे बोट दाखवतो. तो ‘डोळ्यांविना’ अशा अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन शब्दजोडीतून आला.

संस्कृत ‘अंध’ तिसरीच वाट धरतो. त्याचा अर्थ दृष्टिहीन असा आहे आणि काळोख असाही आहे. आपला ‘अंधार’ त्याच घरातला. धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ (१९५४) या नाटकाच्या नावाला वजन येतं ते या दोन्ही अर्थांमुळे. पण काळोख ही बाहेरची गोष्ट आहे. दिवे गेले की खोलीतल्या कुणालाच दिसत नाही. भाषेने हा बाहेरचा काळोख उचलून एका माणसाच्या आत ठेवला. वस्तुस्थिती निराळी आहे. कायद्याने अंध ठरलेल्या अनेकांना उजेड कळतो, हालचाल कळते, काहींना रंगही कळतात.

जुन्या इंग्रजीला ही पायरी-पायरी ठाऊक होती. अर्ध्या आंधळ्याला तिथे ‘सॅमब्लाइंड’ म्हणत. त्यातला ‘सॅम’ हा लॅटिन ‘सेमी’चा आणि संस्कृत ‘सामि’चा, म्हणजे ‘अर्धा’ या शब्दाचा, सख्खा भाऊ. पुढे लोक ‘सॅम’ विसरले आणि शब्दाचं ‘सँडब्लाइंड’ झालं, जणू डोळ्यांत वाळू गेली आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या विदूषकाला या वाळूवरून विनोद करायला मिळाला. ‘परब्लाइंड’ या शब्दाचा प्रवास तर उलट दिशेने झाला. तो आधी ‘पूर्ण आंधळा’ होता, मग ‘एका डोळ्याने आंधळा’ झाला, आणि शेवटी ‘अधू नजरेचा, मंद समजुतीचा’ इतका खाली आला. शब्दाची रेघ अशी सरकते हे ध्यानात ठेवू. पुढे कायद्याकडे येऊ तेव्हा ते उपयोगी पडेल.

आणखी एक गंमत डोळ्यांवर पट्टी बांधण्याच्या ‘ब्लाइंडफोल्ड’ या शब्दात आहे. त्यात घडी घालण्याचा ‘फोल्ड’ मुळात नाही. जुनं क्रियापद ‘आंधळं करून पाडणं’ अशा अर्थाचं होतं. त्यातलं ‘पाडणं’ लोकांना कळेनासं झालं तेव्हा त्यांनी तिथे कापडाची घडी पाहिली. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीचा इंग्रजी भाऊ ‘ब्लाइंड मॅन्स बफ’, त्यातला ‘बफ’ म्हणजेही धपाटा. म्हणजे एका शब्दात पाडणं आणि दुसऱ्यात मारणं. मुलांच्या खेळाच्या नावातही आंधळा माणूस मार खाणारा आहे, याची नोंद करायला हवी.

भोक, भिंत आणि आतडं

आता कारखान्याकडे. आरपार न जाणारं भोक म्हणजे ब्लाइंड होल. ड्रिल आत जातं आणि ठरलेल्या खोलीवर थांबतं. आरपार गेलं तर ते थ्रू होल. पाइपचं तोंड बंद करणारी भरीव चकती म्हणजे ब्लाइंड फ्लँज. ज्या कामात पत्र्याच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही, तिथे पुढूनच ठोकायचा तो ब्लाइंड रिव्हेट. वास्तुकलेत भिंतीवर नुसत्या कोरलेल्या, पण पलीकडे न उघडणाऱ्या कमानींच्या ओळीला हेच विशेषण लागतं. पुढे वाट नसलेल्या गल्लीलाही लागतं, जिला आपण बोळ किंवा बंद गल्ली म्हणतो. या सगळ्यांत दृष्टीचा संबंध एवढाच की पलीकडचं दिसत नाही. कारण पलीकडे काही उघडतच नाही.

हीच कल्पना शरीरशास्त्रात गेली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एका बाजूने बंद अशी पिशवी असते, तिचं ‘सीकम’ हे नाव ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणावरून पडलं. जर्मन भाषा तिला सरळ ‘आंधळं आतडं’ म्हणते. मराठी पाठ्यपुस्तकांनी तोच अर्थ उचलून ‘अंधनाल’ केला. आयुर्वेदाला त्या भागासाठी ‘उंडुक’ हा शब्द आधीपासून ठाऊक होता, आणि त्या शब्दाला डोळ्याशी काही देणंघेणं नाही.

म्हणून हा अर्थ परका आहे असं मात्र नाही. संस्कृतात ‘अंधकूप’ आहे. तोंड झाकलं गेल्याने वरून न कळणारी विहीर. विहिरीला डोळे नसतात. तिच्यात पडणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून ती ‘अंध’. पाहणाऱ्याचं विशेषण वस्तूला चिकटतं, हा इंग्रजीतला आणि संस्कृतातला सारखाच व्यवहार आहे. घाटातलं ‘ब्लाइंड’ वळण आंधळं नसतं. चालकाला समोरचं दिसत नसतं.

झाकणारं आणि झाकलेलं

तिसऱ्या अर्थात हा शब्द आडोशाचा होतो. खिडकीवरच्या पट्ट्यांच्या पडद्याला इंग्रजीत ‘ब्लाइंड’ म्हणतात. त्याच वस्तूला फ्रेंच ‘जालुझी’ म्हणजे ‘मत्सर’ म्हणते, कारण आतल्या बाईने बाहेर पाहावं पण बाहेरच्याला ती दिसू नये, ही मत्सरी नवऱ्याची सोय. इंग्रजीला त्यात न दिसणारा दिसला, फ्रेंचला न दिसू देणारा. आपण झिलमिल म्हणालो, चिक म्हणालो. या नावांत ना आंधळा आहे ना मत्सर.

अमेरिकेत शिकारी आणि पक्षिनिरीक्षक ज्या आडोशात बसतात त्यालाही ‘ब्लाइंड’ म्हणतात. अरण्यावर लिहिणाऱ्यांनी मराठीत त्यासाठी ‘लपण’ हा सुरेख शब्द रुळवला. लपणात बसलेला माणूस तर सगळ्यांत जास्त पाहत असतो! शिवणकामात बाहेरून न दिसणारा टाका ‘ब्लाइंड’. जमिनीत राहणाऱ्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या वाळा सापाचं इंग्रजी नावही ‘ब्लाइंड स्नेक’. त्या एवढ्याशा जीवाला आपण त्याच्या उणिवेवरून ओळखत नाही, नुसतं वाळा म्हणतो.

या अर्थाचं मला सर्वांत बोलकं वाटलेलं उदाहरण पुस्तकबांधणीतलं आहे. कातडी बांधणीवर सोनं किंवा शाई न वापरता, नुसत्या दाबाने उठवलेल्या नक्षीला ‘ब्लाइंड टूलिंग’ म्हणतात. शाईविना उठवलेला ठसा म्हणजे ‘ब्लाइंड एम्बॉसिंग’. रंग नाही, डोळ्याला पटकन भरत नाही, म्हणून आंधळा. आता हे पाहा. १७८६ मध्ये पॅरिसला व्हॅलेंटाइन ओई यांनी अंध मुलांसाठी कागदावर रोमन अक्षरं उठवून पुस्तक छापलं. त्याच संस्थेत शिकलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या. डोळसांच्या बांधणीशास्त्राने ज्या ठशाला ‘आंधळा’ म्हटलं, तोच बोटांना वाचता येणारा ठरला. डोळस शिक्षकांना ओईंची अक्षरं सोयीची होती, कारण ती त्यांना स्वतःला वाचता येत. ठिपके विद्यार्थ्यांना सोयीचे होते. संस्थेने ब्रेल लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, लुई ब्रेल गेल्यानंतर दोन वर्षांनी. अक्षर वाचण्याजोगं आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार इतका काळ न वाचणाऱ्यांकडे होता.

न पाहण्याची शिस्त

चौथा अर्थ हा आधुनिक जगाने या शब्दाला दिलेला मान आहे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची तपासणी करायला समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन तिचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए एक सदस्य. समितीने लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. चुंबकत्व दिलं जात आहे असं नुसतं सांगितलं, तरी त्यांना परिणाम जाणवत. आणि न सांगता दिलं, तर काहीच जाणवत नसे. परिणाम चुंबकाचा नव्हता, समजुतीचा होता. तो उघडा पडला तो डोळे बांधल्यामुळे.

आजची ‘डबल ब्लाइंड’ चाचणी याच वाटेवर पुढे आहे. खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. कोविडच्या लसींच्या काळात हा शब्द मराठी बातम्यांत रोज येत होता. नेत्रवैद्यक मात्र आपल्या चाचण्यांना ‘ब्लाइंड’ऐवजी ‘मास्क्ड’, म्हणजे झाकलेली, म्हणणं पसंत करतं. डोळ्यांच्या दवाखान्यात हा शब्द उच्चारला तर रुग्ण काय समजेल, हे उघड आहे. ज्यांचा या शब्दाशी रोजचा संबंध येतो, त्यांनाच तो या कामासाठी अडचणीचा वाटला, ही बाब महत्त्वाची आहे.

विमानविद्येत २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटात बसून, बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. त्याला ‘ब्लाइंड फ्लाइंग’ म्हणत. ढगात स्वतःच्या जाणिवेवर विसंबणारा वैमानिक फसतो आणि काट्यांवर विसंबणारा वाचतो. न पाहणं इथे पाहण्याहून खात्रीचं ठरलं.

आता न्यायदेवता. तिच्या डोळ्यांवरची पट्टी प्राचीन नाही. १४९४ मध्ये बाझल इथे छापलेल्या सेबास्टियन ब्रँटच्या ‘मूर्खांचं जहाज’ या पुस्तकातल्या एका काष्ठचित्रात एक विदूषक मागून येऊन तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. ती थट्टा होती. न्याय मूर्खांच्या हाती गेला, एवढंच त्यातून म्हणायचं होतं. पुढच्या शतकात तीच पट्टी निःपक्षपातीपणाची खूण झाली. आरोपाचं भूषण झालं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या पुतळ्याची चर्चा झाली. डोळ्यांवर पट्टी नाही, एका हातात तलवारीऐवजी संविधान. कायदा आंधळा नाही, तो सगळ्यांना समान पाहतो, असा त्या वेळच्या बातम्यांचा सूर होता. मला त्या बदलाविषयी काही तक्रार नाही. पण ‘आता कायदा आंधळा राहिला नाही’ अशा मथळ्यांत एक घोटाळा होता. पट्टी बांधलेली बाई आंधळी नसते. तिला दिसत असतं, म्हणून तर पट्टी लागते. पट्टीने सांगितलेली गोष्ट दृष्टी नसण्याची नव्हती, नजर आवरण्याची होती. या दोन गोष्टी एकच समजण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि पाचव्या अर्थाची मुळं त्या सवयीत आहेत.

आरोप

पाचवा अर्थ अविचाराचा. आंधळं प्रेम, आंधळा राग, अंधानुकरण. संस्कृतात मदांध आणि कामांध आहेत, अंधपरंपरा आहे. मराठीत ‘आंधळा कारभार’ आहे, ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ आहे. हा अर्थ इंग्रजांनी आणला असं म्हणणं खोटं ठरेल. तो दोन्हीकडे जुना आहे.

पण या अर्थाची उदाहरणं जवळून तपासली की प्रत्येक वेळी एक विचित्र गोष्ट हाती लागते. दोष ज्याच्यात आहे तो आंधळा नसतोच. इंग्रजीतला ‘ब्लाइंड आय’ नेल्सनच्या कथेशी जोडला जातो. कथा अशी की १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या निकामी उजव्या डोळ्याला लावली आणि इशारा दिसत नाही म्हणाला. त्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कोर्सिकातल्या लढाईत गेली होती. पण डावा डोळा शाबूत होता, आणि इशारा झाल्याचं त्याला ठाऊक होतं. म्हणजे हा वाक्प्रचार आंधळेपणाचा नाही. दिसणाऱ्याने आंधळ्या डोळ्याचा बहाणा करण्याचा आहे. मराठीतल्या ‘कानाडोळा’ या शब्दातला ‘काना’ मला कानाचा वाटत नाही, ‘काणा’ वाटतो. तसं असेल तर नेल्सनच्या कितीतरी आधी आपल्याकडेही हीच युक्ती भाषेत नोंदलेली होती.

सर्वांत मोठं उदाहरण धृतराष्ट्राचं. ‘पुत्रप्रेमाने आंधळा’ असं आपण त्याच्याविषयी सर्रास म्हणतो, आणि तो जन्मांध असल्याने हे रूपक आपोआप सिद्ध झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात महाभारतात त्याच्याइतकी माहिती फार थोड्यांकडे आहे. विदुर त्याला वेळोवेळी सगळं सांगतो. दूतसभेत काय चाललं आहे हे त्याला कळत असतं. युद्धापूर्वी व्यास त्याला दृष्टी देऊ करतात तेव्हा तो नको म्हणतो, आणि ती संजयाला मिळते. त्याने जे केलं ते जाणून केलं. ग्रंथ त्याला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो ते उगाच नाही. त्याचा अपराध डोळ्यांच्या नावावर टाकला की त्याची सुटका होते आणि डोळ्यांवर मात्र डाग राहतो. शेजारी गांधारी आहे. तिला दिसत होतं आणि तिने पट्टी बांधली. न दिसणं आणि न पाहणं हा भेद एका घरात, नवरा-बायकोच्या रूपाने, महाभारताने उभा करून ठेवला आहे. आपण दोघांनाही ‘आंधळे’ म्हणून तो पुसतो.

हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीचंही तेच. अंधगजन्याय म्हणून ती शास्त्रात रूढ आहे. बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथात श्रावस्तीचा राजा जन्मांधांना गोळा करून हा प्रयोग घडवतो आणि त्यांचं भांडण पाहून त्याला मजा वाटते. ज्याला हत्ती चाचपता येतो त्याला हत्तीभोवती फिरताही येतं. त्यांनी एकमेकांचं ऐकलं नाही, एवढाच त्यांचा दोष, आणि तो कान शाबूत असलेल्यांचा दोष आहे. सांख्यांनी मात्र अंधाला अधिक न्याय दिला. त्यांच्या दृष्टान्तात आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो. एक चालतो, दुसरा वाट दाखवतो. तिथे उणीव दोघांतही आहे आणि कुणी कुणावर हसत नाही.

‘अंधश्रद्धा’ या शब्दाविषयी बोलल्याशिवाय महाराष्ट्रात हा लेख पुरा होणार नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी मोजलेली किंमत यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. प्रश्न शब्दाचा आहे. या शब्दाने चळवळीला एक वाद कायमचा चिकटवून दिला. डोळस श्रद्धा कोणती आणि अंध कोणती? विरोधक म्हणत, सगळीच श्रद्धा तशी. समर्थक म्हणत, तपासून घेतलेली ती डोळस. त्याच वर्षी झालेल्या कायद्याचं नाव मात्र पाहण्यासारखं आहे. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा हे शब्द त्यात आहेत. ‘अंधश्रद्धा’ नाही. कायद्याला कृत्यांची नावं घ्यावी लागतात. मनाच्या अवस्थेला कलम लावता येत नाही. आणि नेमकी नावं घेताच ‘अंध’ या विशेषणाची गरज उरली नाही.

किती न दिसलं म्हणजे अंध?

आता ज्या माणसाचं हे नाव आहे त्याच्याकडे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अंधत्वाची एक रेघ अशी होती: चष्मा लावून, चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा जास्त नसणं. २०१६ च्या कायद्यात ती ३/६० पेक्षा कमी अशी झाली. दृष्टिक्षेत्राची मर्यादा २० अंशांवरून १० अंशांवर आली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानेही २०१७ मध्ये आपली व्याख्या सहा मीटरवरून तीन मीटरवर आणली, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी जुळवून घेतली. सहा मीटरवरून बोटं मोजता न येणारा, पण चार मीटरवरून येणारा माणूस आदल्या दिवशी त्या मोजणीत अंध होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. त्याच्या डोळ्यांत काही बदललं नव्हतं. तो ‘क्षीणदृष्टी’ या रकान्यात गेला. सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांत अंध आणि क्षीणदृष्टी यांचा मिळून एक टक्का आहे, त्यामुळे त्याचा हक्क तिथे बुडाला नाही. पण देशात अंध किती, या आकड्याचा अर्थ बदलला. हा ‘परब्लाइंड’चाच प्रवास आहे. फरक इतकाच की इथे रेघ लोकांच्या बोलण्याने सरकली नाही, राजपत्राने सरकवली.

नावही सरकत राहिलं. हिंदीत ‘सूरदास’, आपल्याकडे ‘प्रज्ञाचक्षू’. विदर्भातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांना तान्हेपणीच दृष्टी गेलेली असताना विपुल ग्रंथरचना केल्यामुळे ते विशेषण शोभतं. पण प्रत्येक अंध माणसाला ग्रंथकार किंवा गवई व्हायला लावणारं विशेषण हेही एक ओझंच आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी झाला. अपंगांच्या काही संघटनांनी त्याला विरोध केला. आम्हाला दिव्यत्व नको, रस्ता आणि रॅम्प हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या संघटनेने १९९३ मध्ये ठराव करून अशी गोड वळणं नाकारली. ‘ब्लाइंड’ हा स्वच्छ, आदराने उच्चारण्याजोगा शब्द आहे, तोच वापरा, अशी तिची भूमिका राहिली आहे. हीच संघटना २००८ मध्ये सारामागोच्या कादंबरीवर निघालेल्या ‘ब्लाइंडनेस’ या चित्रपटाविरुद्ध उभी राहिली. अचानक अंध झालेलं शहर त्यात पशूंसारखं वागू लागतं. या दोन भूमिकांत विसंगती नाही. नाव आमचं आहे, ते उच्चारा. पण तुमच्या अधःपतनाचं चित्र काढायला आमचं नाव वापरू नका.

शब्द कुणाकडून काढून घ्यायचा?

मला हाच धागा मराठीसाठी उपयोगी वाटतो. आपण गेली काही वर्षं उलटं करत आलो आहोत. माणसाला ‘अंध’ म्हणायला संकोचतो, त्याच्यासाठी नवनवी मऊ नावं शोधतो, आणि आरोप करताना तोच शब्द मोकळेपणाने फेकतो. माणसाकडून काढून घेतलेला शब्द केवळ शिवी म्हणून उरला, तर ‘अंधशाळा’ या पाटीखालून आत जाणाऱ्या मुलाला तो काय सांगेल?

भाषेची तोड इथे अवघड नाही, कारण मराठीकडे शब्दांचा तोटा नाही. दिसत असून न पाहण्यासाठी डोळेझाक आहे, कानाडोळा आहे. फक्त समोरचंच पाहणाऱ्यासाठी झापडबंद आहे. दुसऱ्याचं लपवण्यासाठी पांघरूण घालणं आहे. अविचारासाठी बेभान, बेलगाम, आततायी आहे. हे सगळे शब्द डोळसांच्या दोषांचे आहेत, आणि ते दोष डोळसांच्याच पदरात टाकतात. ‘अंधभक्त’ म्हणण्यापेक्षा ‘झापडबंद’ म्हणणं अधिक खरं आहे. झापड कुणीतरी बांधलेली असते आणि ती काढता येते. जन्मांध डोळ्याविषयी असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ‘अंध’ म्हणताना आपण समोरच्याची जबाबदारी नकळत कमी करतो. धृतराष्ट्राला मिळालेली सवलत आपण रोज वाटत असतो.

उरलेल्या अर्थांचं काय? भोकाला, फ्लँजला, खिडकीच्या पडद्याला ‘ब्लाइंड’ म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही. तिथे आरोपच नाही. चाचणीसाठी नेत्रवैद्यांचा ‘झाकलेली’ हा मार्ग मराठीलाही सहज जमेल. आणि ‘अंधबिंदू’ हा शब्द मी तर मुद्दाम ठेवीन. १६६० च्या दशकात एद्म मारिओतने दाखवून दिलं, की जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते तिथे प्रत्येक डोळ्याला काहीच दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. हा बिंदू अंधांची उणीव सांगत नाही. तो चांगल्या, निरोगी, पाहणाऱ्या डोळ्याचाच भाग आहे.

मराठीत ब्रेलमधलं पाक्षिक २००८ पासून सुरू झालं, त्याचं नाव ‘स्पर्शज्ञान’ आहे. त्या नावाने उणिवेचा उल्लेख केला नाही आणि दिव्यत्वाचाही नाही. वाचक कशाने वाचतो, एवढंच सांगितलं. शब्द घडवायचा तर तो असा घडवावा.